बालचित्रवाणी : राहून गेलेली समीक्षा

आमच्या शाळेत दूरदर्शन संच होता आणि तो लाकडी कपाटात कुलूपबंद असे. किल्ली मुख्याध्यापकांकडे. ते तालुक्याला बैठकीला गेले की त्या दिवशीचा कार्यक्रम बुडाला. तरी जे मोजके भाग पाहायला मिळाले त्यांतला एक अजून आठवतो. पडद्यावर फक्त दोन हात, एक मडके आणि पाणी. बाईंचा आवाज विचारतो, ‘पाणी कुठे गेलं?’ आणि मग काही क्षण कोणीच बोलत नाही. आम्ही सगळे बसल्या जागेवरून ओरडून उत्तर देतो. पुढचे काही स्मरत नाही. ती शांतता तेवढी स्मरते.

१९८४ साली पुण्यात स्थापन झालेली ‘बालचित्रवाणी’ २०१७ साली बंद झाली. तेव्हा माझ्या वाचनात जे लेखन आले ते बहुतेक हळहळीचे होते. शीर्षकसंगीत, सकाळची वेळ, सुटीचे दिवस यांच्या आठवणी त्यात होत्या; कर्मचाऱ्यांच्या थकलेल्या पगाराविषयीचा रास्त संतापही होता. कार्यक्रम कसे होते, ते कोणते मूल समोर धरून रचलेले होते, याबद्दल मात्र अक्षर नव्हते. बालसाहित्याची समीक्षा आपल्याकडे तुटपुंजी आहे. मुलांच्या दूरदर्शनची तर आपण सुरूच केली नाही. म्हणून संस्था गेली तेव्हा नेमके काय गेले हे सांगायला आपल्याकडे शब्द नव्हते.

या निर्मितीची मुळे ‘साइट’ प्रयोगात आहेत. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असा वर्षभर, अमेरिकेने वापरायला दिलेल्या उपग्रहावरून, सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांसाठी हे प्रक्षेपण झाले. प्रेक्षक म्हणून महाराष्ट्र त्यात नव्हता. मुलांसाठीचे विज्ञानाचे कार्यक्रम मात्र इस्रोच्या मुंबईतल्या स्टुडिओत तयार होत. सकाळचा दीड तास शाळकरी मुलांचा, भाषा चार, म्हणून प्रत्येक भाषेच्या वाट्याला साडेबावीस मिनिटे. मुलाचे लक्ष किती वेळ टिकते यावरून ही लांबी ठरली नव्हती, भागाकारातून आली होती. शिवाय ५ ते १२ वर्षांची मुले एकत्रच. पाटी धरणारा आणि मिसरूड फुटायला आलेला एकाच पडद्यासमोर! पण या प्रयोगाची एक बाजू आपण विसरतो. त्यात समाजशास्त्राचे संशोधक खेड्यांत राहून पाहत होते. पडद्यासमोर काय घडते हे विचारणारे माणूस त्या व्यवस्थेतच होते.

पुढे इन्सॅटवरून शैक्षणिक प्रक्षेपण सुरू झाले तेव्हा महाराष्ट्र आत आला आणि वयोगट दोन झाले : ५ ते ८ आणि ९ ते ११. कागदावर ही किरकोळ नोंद वाटेल. माझ्या मते निर्मितीच्या दृष्टीने ती सर्वांत मोठी सुधारणा होती. पाच वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही हे एकदा मान्य केले की पडद्यावरची अक्षरे निरुपयोगी ठरतात. भार चित्रावर, आवाजावर आणि थांबण्यावर येतो. ते दोन हात आणि ती शांतता ही एखाद्या प्रतिभावंताची लहर नसावी, वयोगटाने घातलेली ती अट असावी.

पुण्याच्या प्रमाण भाषेमुळे हे कार्यक्रम खेड्यातल्या मुलांना परके वाटले, असा आक्षेप घेतला जातो. तो मला अर्धाच पटतो. आम्ही ‘कुठं’ म्हणत असू, पडद्यावरच्या बाई ‘कुठे’ म्हणत. उत्तर देताना कोणी अडले नाही. उत्तराला जागा ठेवली नसती तर मात्र आमच्या बोलीत बोलूनही काही साधले नसते.

अडचण रचनेत होती. ‘बालचित्रवाणी’ ही शिक्षण खात्याच्या अखत्यारीतली. दूरदर्शन तिला फक्त वेळ देणार. मुंबई दूरदर्शनचे स्वतःचे ‘किलबिल’ वेगळे. एका ठिकाणी मूल म्हणजे विद्यार्थी, दुसऱ्या ठिकाणी पाहुणा. प्रसारण संस्थेने मूल हा आपला नेहमीचा प्रेक्षक मानावा, अशी खुर्ची कुठेच नव्हती. १९९० च्या प्रसार भारती कायद्यातले कलम १२ याच दृष्टीने वाचण्यासारखे आहे. तिथे मुलांचे हितरक्षण सांगितले आहे, पण मुले अंध, वृद्ध आणि अपंगांच्या रांगेत उभी आहेत. रक्षण करण्याजोगा दुबळा घटक एवढीच त्यांची ओळख. त्यांना आवडनिवड असते, ती उठून निघून जाऊ शकतात, याची दखल नाही.

बीबीसीकडे सगळे आलबेल होते असे नाही. १९६४ साली तिने आपला मुलांचा विभाग मोडून ‘कौटुंबिक कार्यक्रमां’त विलीन केला, १९६७ मध्ये तो पुन्हा उभा करावा लागला. पण तिथे भांडण झाले. १९७१ साली त्या विभागाच्या प्रमुख मोनिका सिम्स यांनी ‘सेसमी स्ट्रीट’ घ्यायला नकार दिला. त्या कार्यक्रमाची शिकवण्याची पद्धत त्यांना हुकमी वाटली. नकार योग्य होता का, यावर वाद होऊ शकतो. मला तो थोडा आढ्यतेचाही वाटतो. तरी मुलाशी कसे बोलावे यावरून एक अधिकारी जगभर गाजणारा कार्यक्रम नाकारतो आणि त्याची जाहीर चर्चा होते, हे महत्त्वाचे. आपल्याकडे वाद झाले ते अनुदानाचे, पदांचे आणि जागेचे.

आता ही समीक्षा करायची तर कार्यक्रमच पाहायला हवेत. त्या काळच्या चुंबकीय फिती दमट हवेत चिकटतात, आणि त्या चालवणारी यंत्रे व ती दुरुस्त करणारी माणसे दोन्ही कमी होत चालली आहेत. आठवणींचे गौरवग्रंथ काढण्याआधी ५ ते ८ वयोगटाचे शंभर भाग कोणी ओळीने पाहावेत आणि हातात घड्याळ घेऊन एकच नोंद करावी : प्रश्न विचारल्यावर निवेदक किती सेकंद थांबतो, आणि १९८५ पासून पुढे हे सेकंद वाढत गेले की कमी होत गेले.