धुकं विरल्यावर: फिल एल्व्हरम आणि शोकाचा हिशेब

मागच्या वेळी आपण करुण रसापाशी थांबलो होतो. आज पुढच्या रसाकडे वळायचं ठरलं होतं, पण ते बाजूला ठेवतो आहोत. कारण व्याख्यान संपल्यावर एक तरुण श्रोता जवळ आला आणि म्हणाला, "सर, कॉलेजात असल्यापासून मी उदास, गडद असं रॉक संगीत ऐकत आलोय. गेल्या वर्षी वडील गेले. त्यानंतर त्यातलं एकही गाणं पुरतं ऐकवलं नाही. मग आधी जे मला एवढं भिडायचं, ते सगळं खोटंच होतं का?"

आम्ही त्याला तिथल्या तिथे उत्तर दिलं नाही. खरं सांगायचं तर देता आलं नाही. जाताना त्याने एका अमेरिकन गायकाचं नाव लिहून दिलं: फिल एल्व्हरम. गेले काही आठवडे आम्ही हा माणूस ऐकतो आहोत. रॉक हा आमचा प्रांत नव्हे. गिटारच्या बारकाव्यांत आमचं काही चुकलं तर तुमच्यातले जाणकार दुरुस्त करतीलच. पण विचारलेला प्रश्न सौंदर्यशास्त्राचा आहे, आणि तो आमच्या आयुष्यभराच्या शिकवण्यालाच विचारलेला आहे, तेव्हा तो टाळून चालणार नाही.

आधी थोडी ओळख. एल्व्हरमचा जन्म १९७८चा. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यात, फिडाल्गो नावाच्या बेटावर अ‍ॅनाकॉर्टिस हे गाव आहे, तिथला तो. पाऊस, धुकं, देवदाराच्या जातीची उंच झाडं आणि समुद्र. गावाजवळ माउंट एरी नावाचा एक डोंगर आहे. या नावाच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराची भर घातली की 'भयगूढ' असा अर्थ होतो. उच्चारात फारसा फरक पडत नाही, अर्थात मात्र पडतो. आधी तो 'द मायक्रोफोन्स' या नावाने गात असे. २००३मध्ये त्याने डोंगराच्या या बदललेल्या नावाचा एक अल्बम काढला आणि पुढे तेच नाव स्वतः घेतलं. नाव बँडसारखं असलं तरी मागे माणूस मुख्यतः एकटाच. गाणं लिहिणारा तो, वाजवणारा तो, ध्वनिमुद्रण करणाराही तोच.

त्याच्या या आधीच्या संगीताची घडण अशी: टेपवर थरावर थर चढवायचे, गिटारचा आवाज इतका फाटू द्यायचा की सूर आणि गोंगाट वेगळे काढता येऊ नयेत, आणि त्या सगळ्याखाली एक मऊ, जवळजवळ कुजबुजता आवाज. शब्द नीट ऐकू येत नाहीत, आणि तेच त्याला हवं असतं. २००३च्या त्या अल्बमात निवेदक डोंगरावर चढतो, तिथे मरतो, गिधाडं त्याला खातात आणि शेवटी विश्वाशी त्याची गाठ पडते. मृत्यू आणि विश्व ही तिथे नाटकातल्यासारखी पात्रंच आहेत. २००९च्या 'विंड्स पोएम'मध्ये त्याने ब्लॅक मेटल या प्रकाराकडून गोंगाट उसना घेतला. नॉर्वेत वाढलेला हा प्रकार सैतान आणि हिंसा यांसाठी बदनाम झालेला. एल्व्हरमने तो सैतान काढून टाकला आणि उरलेल्या आवाजातून वारा उभा केला. २०१२मधले 'क्लिअर मून' आणि 'ओशन रोर' हे दोन अल्बम त्याने गावातल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत ध्वनिमुद्रित केले. ते ऐकताना एका माणसाचं दुःख ऐकतो आहोत असं वाटत नाही. आपण एका हवामानात उभे आहोत असं वाटतं.

आता आपल्या परिभाषेत या धुक्याला काय म्हणाल? आमच्या मते हे साधारणीकरण आहे. भट्टनायकाने मांडलेली आणि अभिनवगुप्ताने आपल्या पद्धतीने पुढे नेलेली ही कल्पना मागच्या वेळी आपण पाहिली. रंगमंचावरचं दुःख 'माझं' नसतं, 'त्याचं'ही नसतं. त्याची स्थळकाळाची, व्यक्तीची चिठ्ठी गळून पडते आणि म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. एल्व्हरमचं धुकं नेमकं हेच करत होतं. कोण मेलं, कधी, कुठे, ते दिसत नव्हतं. मृत्यू डोंगराएवढा मोठा होता आणि डोंगराइतकाच लांब.

मग तो जवळ आला. एल्व्हरमची पत्नी जनव्हिएव्ह कास्त्रे ही क्वेबेकमधून आलेली चित्रकथाकार आणि गायिका. मुलगी झाल्यावर काही महिन्यांतच तिला स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचं कळलं. ९ जुलै २०१६ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, ती घरीच गेली. मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. त्याच वर्षी ऑगस्टअखेर ते डिसेंबरची सुरुवात एवढ्या काळात एल्व्हरमने अकरा गाणी लिहिली. ज्या खोलीत ती गेली त्याच खोलीत, बहुतेक तिचीच वाद्यं घेऊन, ती ध्वनिमुद्रित केली. मार्च २०१७मध्ये 'अ क्रो लुक्ड अ‍ॅट मी', म्हणजे 'एका कावळ्याने माझ्याकडे पाहिलं', या नावाने ती प्रसिद्ध झाली.

ऐकायला बसलात तर पहिली गोष्ट जाणवेल ती अशी की धुकं नाही. एक गिटार, अधूनमधून दुसरं एखादं वाद्य, आणि समोर बसून बोलावं तसा आवाज. प्रत्येक शब्द ऐकू येतो. पहिल्याच गाण्यात तिच्या मृत्यूनंतर आठवड्याने तिच्या नावाचं एक पार्सल दारात येतं. तिने कुणाला न सांगता मुलीसाठी दप्तर मागवलेलं असतं, मुलगी पुढे कधीतरी शाळेत जाईल तेव्हासाठी. आपण नसू हे ओळखून मागवलेलं. तो पायरीवर बसून रडतो. बस, एवढंच.

इथे आमची अडचण सुरू झाली. क्रौंचवधाची कथा तुम्हाला माहीत आहे. पक्षीण रडते, वाल्मीकी ऐकतात, शोकाचा श्लोक होतो. अभिनवगुप्त तिथे बजावतो की हा शोक मुनींचा स्वतःचा समजू नका. तो त्यांचाच असता तर ते दुःखाने पोळले असते, आणि रसाचा प्रश्नच उरला नसता. हे वाक्य आम्ही वर्गात किती वेळा समजावून सांगितलं असेल! पण इथे क्रौंच आणि मुनी एकच आहेत. ज्याचा जोडीदार गेला, तोच गातो आहे. तारीख आहे, नाव आहे, दप्तर आहे. काहीही साधारण केलेलं नाही. सिद्धान्ताप्रमाणे ही कला असायला नको. आणि स्वतः एल्व्हरमही त्यात हेच म्हणत राहतो की ही कला नव्हे, मृत्यू ही गाण्याची वस्तू नव्हे, यातून शिकण्यासारखं काही नाही. एका गाण्यात तर शून्यतेबद्दलची आपली जुनी, तात्त्विक गाणीही तो निकालात काढतो. इस्पितळं पाहण्याआधीची ती गोष्ट, असा त्याचा सूर आहे.

या अल्बमचं कौतुक करणारे बहुतेक लोक त्याचं हे म्हणणं जसंच्या तसं स्वीकारतात. आधीचं धुकं म्हणजे सजावट, आता मिळालं ते सत्य. कच्चं, उघडं, म्हणून श्रेष्ठ. आम्हाला हे पटत नाही. कच्चं दुःख आपण सर्वांनी पाहिलेलं आहे. त्याला वाक्यं नसतात. इथे वाक्यं आहेत आणि ती विलक्षण नेमकी आहेत. मग आकार आला कुठून?

दोनतीनदा ऐकल्यावर एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. हा माणूस सतत दिवस मोजतो. एका गाण्यात आठवडा झालेला आहे. एकात अकरा दिवस. मुलीला घेऊन, तिच्या अस्थी घेऊन, तो त्या जागी जातो जिथे तिघांनी घर बांधायचं ठरवलं होतं. एकात महिना आणि तीन दिवस. एकात तीन महिने आणि एक दिवस. आपल्याकडे हे मोजणं रूढी करते. दहावं, तेरावं, मासिक, वर्षश्राद्ध. घरचा माणूस बधिर बसलेला असतो आणि कुणीतरी वडीलधारं सांगतं, "उद्या दहावं आहे, घाटावर जायचंय." ते नुसतं कर्मकांड आहे असं आम्हीही तरुणपणी तावातावाने म्हणायचो. पण ज्याचं काळाचं भान सुटलेलं असतं, त्याच्या हातात तेवढी एक दोरी असते. एल्व्हरमजवळ अशी तयार दोरी नव्हती. ती त्याने गाण्यागाण्यातून स्वतः वळली. आमचं म्हणणं असं की कलेला लागणारं अंतर इथे नाहीसं झालेलं नाही. आधी ते धुक्यात होतं, आता ते मोजणीत आहे. दिवस मोजणारा माणूस दुःखात बुडालेला असतोच, पण मोजण्यापुरता तरी तो पाण्याच्या वर असतो.

दुसरी गोष्ट संबोधनाची. ही गाणी बहुतांशी तिलाच उद्देशून आहेत: 'तू'. तो आपल्याशी बोलतच नाही. न. चिं. केळकरांनी वाचकाच्या आनंदाला सविकल्प समाधी म्हटलं होतं. आपण स्वतः राहूनही दुसऱ्याच्या जागी जातो, असा त्याचा अर्थ. या गाण्यांत दुसऱ्याच्या जागी जायला मुभाच नाही. आपण दाराबाहेर उभे आहोत, आत एक माणूस गेलेल्या बायकोशी बोलतो आहे, आणि दार उघडं आहे. शोकाला भेटायला जातो तेव्हा आपण असेच बसतो ना? काही बोलत नाही. हाही एक आस्वादच आहे, पण आमच्या पुस्तकांत त्याला नीट नाव नाही, हे कबूल करायला हवं.

आता त्या कावळ्याबद्दल. मराठी माणसाला शीर्षक वाचताच पिंडाला शिवणारा कावळा आठवणार. आम्हालाही आठवला. पण घाई करू नका, तो कावळा इथे नाही. शेवटच्या गाण्यात बाप मुलीला पाठीवर घेऊन रानात हिंडतो आहे, एक कावळा त्यांच्या मागे मागे येतो आहे, आणि झोपलेली मुलगी झोपेतच 'कावळा' असं पुटपुटते. त्या क्षणी त्याला तिथे ती दिसते. अल्बमभर ज्याने मृत्यूला कसलाही अर्थ नाही असं बजावलं, तोच शेवटी अर्थाला शिवतो. ही विसंगती आहे? आहे. पण हीच आम्हाला या अल्बमातली सर्वांत खरी जागा वाटते. याउलट 'कला निरुपयोगी आहे' असं तो ज्या ज्या ठिकाणी उघड सांगतो, त्या जागा आम्हाला कमकुवत वाटतात. दप्तर आधीच सगळं सांगून गेलेलं असतं. वर भाष्य कशाला?

पुढच्याच वर्षीच्या 'नाउ ओन्ली'मध्ये हे त्यालाही कळलेलं दिसतं. वाळवंटातल्या एका संगीत महोत्सवात नशेतल्या तरुण पोरांपुढे, मानधन घेऊन, मृत्यूची गाणी म्हणण्याचा प्रसंग तो त्यात सांगतो, आणि ध्रुवपद येतं तेव्हा चाल चक्क उडती होते. स्वतःच्या शोकाचा बाजार मांडला जातो आहे हे तो लपवत नाही. ऐकताना हसू येतं आणि लगेच ओशाळायला होतं.

आणि मग धुकं परत आलं. २०२०मध्ये त्याने जुन्या 'मायक्रोफोन्स' नावाने चव्वेचाळीस मिनिटांचं एकच गाणं केलं. पहिली सात मिनिटं नुसती गिटार, जवळजवळ दोनच स्वरसंघ आलटून पालटून. त्यात तो आपल्या विशीतल्या स्वतःकडे, त्या धुक्यात रमलेल्या पोराकडे, मागे वळून पाहतो. त्याची टिंगल करत नाही. २०२४चा 'नाइट पॅलेस' तर सव्वीस गाण्यांचा, आणि त्यात तो फाटलेला गोंगाट पुन्हा आहे. हे शीर्षक जोअ‍ॅन कायगर या कवयित्रीच्या एका कवितेचं. तीच कविता २०१७च्या शोकाल्बमच्या मुखपृष्ठावर छापलेली होती. म्हणजे शोकाच्या घरातूनच तो पुन्हा गोंगाटाकडे गेला. धुकं खोटं असतं, तर तो तिथे परतला नसता.

तेव्हा, त्या दिवशी प्रश्न विचारणारे तुम्ही आज ऐकत असाल तर, आमचं उत्तर असं. तुम्हाला आवडलेलं संगीत खोटं नव्हतं. ते मृत्यूचं लांबून काढलेलं चित्र होतं, आणि लांबून डोंगर निळाच दिसतो. त्यात निळ्याची चूक नाही, पाहणाऱ्याचीही नाही. आता तुम्ही डोंगरावर आहात. तिथून निळं दिसत नाही, दगड दिसतात. सध्या ते संगीत ऐकवत नसेल तर ऐकू नका. स्वतःवर जबरदस्ती करू नका आणि जुन्या आवडीची लाजही बाळगू नका.

आमच्या घरीही काही वर्षांपूर्वी असा एक जुलै येऊन गेला. करुण रसावर आम्ही इतकी वर्षं बोललो होतो, पण त्या वर्षभरात त्यातलं एक वाक्य उपयोगी पडलं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मारलेल्या फुल्या तेवढ्या आठवतात. त्या फुल्यांना त्या वेळी आम्ही काही नाव दिलं नव्हतं. हा माणूस ऐकल्यावर वाटलं, आकाराची सुरुवात कदाचित तिथेच होत असावी.

आज इथेच थांबू. पुढच्या वेळी वीर रस. आणि कुणाचे प्रश्न असतील तर जरूर विचारा. उत्तर लगेच मिळेल अशी खात्री मात्र देत नाही.