कचऱ्याचा हात आणि बाळूंचा चहा

उन्हाळ्यात आमच्या वर्धा जिल्ह्यात गावोगावी टेनिस बॉलच्या नाईट टूर्नामेंट चालतात. आमच्या टीममध्ये एक डावखुरा स्पिनर आहे, बौद्धपुऱ्यातला. सेमीफायनलला त्याने एका ओव्हरमध्ये तीन विकेट काढल्या आणि माइकवरचा कॉमेंट्रीवाला खुशीत ओरडला, "आला रे आला, आपला कचरा आला!" सगळे हसले. मीही हसलो. तो हसला नाही. मॅच संपल्यावर मला एवढंच म्हणाला, "त्याले सांग, नाव घ्याचं असन तं माझं घे."

त्या रात्री घरी येऊन मी 'लगान' पुन्हा पाहिला, मोबाइलवर, पावणेचार तासांचा अख्खा.

आशुतोष गोवारीकरांचा हा सिनेमा २००१ चा, गोष्ट १८९३ ची. चंपानेरच्या टीमला खेळाडू कमी पडतात. कुंपणाबाहेर उभा असलेला कचरा बॉल परत फेकतो आणि तो गर्रकन वळतो. भुवनला तो टीममध्ये हवा असतो, गावकरी बिथरतात. मग भुवन मोठं भाषण करतो, गाव वरमतं आणि कचरा आत येतो. हिंदी सिनेमाने क्रिकेटच्या मैदानावर अस्पृश्यतेचा प्रश्न इतक्या उघडपणे क्वचितच आणला असेल. त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण यावेळी मला दोन गोष्टी खटकल्या. पहिली, या सगळ्या प्रसंगात कचरा जवळजवळ बोलतच नाही. त्याच्याबद्दल सगळे बोलतात. दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे. त्याचा बॉल वळतो तो त्याच्या अधू हातामुळे. म्हणजे ती त्याची कमाई नाही, निसर्गाची चूक आहे. लोहाराला ताकद त्याच्या कामातून मिळते, गलोल मारणाऱ्याला त्याचा नेम सरावातून मिळतो. कचऱ्याला मात्र त्याची कला अपघाताने मिळते आणि ती हेरायलाही भुवनच लागतो.

आता खरं १८९३ बघू. त्या वर्षी इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला मायदेशात १-० ने हरवलं. २१ वर्षांच्या लॉटी डॉडने विम्बल्डन पाचव्यांदा जिंकलं. रणजितसिंहजींना केंब्रिज विद्यापीठाच्या टीममध्ये जागा मिळाली. जगाच्या क्रीडा-इतिहासात १८९३ म्हणजे साधारण हे. पुण्यातला एक पोरगा त्या यादीत सापडत नाही.

त्याचं नाव पाळवणकर बाळू. चर्मकार समाजातला, जन्म १८७६ चा. आधी पारशांच्या क्लबात महिना तीन रुपयांवर, मग गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपयांवर. काम काय, तर पीच लोळवायचं, जाळी लावायची आणि साहेबांना सरावासाठी बॉलिंग टाकायची. जे. जी. ग्रेग हा तिथला नावाजलेला बॅट्समन. बाळूने त्याला आउट केलं की तो आठ आणे द्यायचा, असं सांगतात. बॅट मात्र त्याच्या हातात कुणी दिली नाही. रामचंद्र गुहा यांनी २००२ मध्ये इंग्रजीत लिहिलेल्या भारतीय क्रिकेटच्या इतिहासात हे सगळं तपशिलात येतं. बाळूंचे धाकटे भाऊ विठ्ठल यांनी तर १९४८ मध्ये 'माझे क्रीडाजीवन' हे आत्मचरित्र मराठीतच लिहिलं. आपल्यापैकी किती जणांनी त्याचं नाव ऐकलंय?

कचरा हा बाळूंवरून घेतला, असं इंटरनेटवर जागोजागी वाचायला मिळतं. तसं असेल-नसेल, पण दोघांना शेजारी ठेवलं की सिनेमाने काय गाळलं ते दिसतं. बाळूंचा डावखुरा स्पिन अधू हातातून आला नव्हता. रोज तासन् तास, पगारावर, दुसऱ्यांच्या सरावासाठी बॉल टाकून तो घडला होता. ती मेहनत होती आणि ती मजुरीही होती. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर विकेट घेतल्या, त्या या मजुरीच्या जोरावर.

आणि त्यांना टीममध्ये घेताना कुणाचं हृदयपरिवर्तन झालं नव्हतं. पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचं होतं आणि बाळूंशिवाय ते जमणार नव्हतं. म्हणून मैदानात त्यांनी टाकलेला बॉल सगळ्यांनी हाताळला. टी-टाइमला मात्र बाळूंचा चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. जेवणही वेगळं. पुढे मुंबईत ते हिंदू टीमचे सर्वांत मोठे बॉलर झाले, पण कॅप्टनपद त्यांना कधीच मिळालं नाही. ते १९२३ मध्ये विठ्ठल यांना मिळालं.

'लगान'मध्ये हा चहा नाही. भाषण झालं की प्रश्न मिटतो आणि पुढच्या गाण्यात सगळे एकत्र येतात. विजयानंतर कचरा कुठे जेवला, कोणत्या विहिरीवर पाणी प्यायला, हे आपण विचारत नाही, कारण सिनेमा आपल्याला विचारू देत नाही. पाऊस पडतो, लगान माफ होतो आणि आपण डोळे पुसतो.

या गोष्टीचा एक धागा आमच्या वर्ध्यातही येतो. इथलं लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ मध्ये जमनालाल बजाजांनी सर्वांना खुलं केलं. डिसेंबर १९४० मध्ये मुंबईच्या हिंदू जिमखान्याचे लोक गांधीजींचा सल्ला घ्यायला वर्ध्याला आले. पेंटँग्युलर स्पर्धेत खेळावं की नाही, हा त्यांचा प्रश्न होता. हिंदू, पारशी, मुसलमान अशा धर्मावर टीम कशाला, हेच आपल्याला कळत नाही, असं गांधीजींचं म्हणणं पडलं. पटण्यासारखं आहे. पण बाळूंना मोठेपण मिळालं ते याच 'हिंदू' टीममधून, आणि त्याच टीमने त्यांचं भांडं वेगळं ठेवलं होतं. एकाच शत्रूसमोर उभं राहिलं की सगळे एक होतात, या 'लगान'च्या लाडक्या कल्पनेला इथे तडा जातो. बॉलपुरतं एक होणं आणि ताटापुरतं एक होणं यांत फार अंतर असतं.

तरी मी 'लगान' पुन्हा पाहीन. कचऱ्याच्या हॅट्‌ट्रिकला अजूनही अंगावर काटा येतो. फक्त आता त्या हाताकडे बघताना मला पूना क्लबचं पीच लोळवणारा सतरा वर्षांचा बाळू दिसेल.

फायनलच्या आधी मी कॉमेंट्रीवाल्याला निरोप दिला. तो जरा ओशाळला, म्हणाला, "अरे, मी तं तारीफच करत होतो ना!" मग मी आमच्या स्पिनरला विचारलं, बॉल एवढा वळवतोस कसा? तो म्हणाला, "रोज सकाळी पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर शंभर बॉल टाकतो. सहा वर्सं झाले."

सहा वर्षं एका टीममध्ये खेळतोय आम्ही. हे मी त्याला पहिल्यांदाच विचारलं होतं.