'शाळा' : कोडं आणि गूढ

मंडळी, 'शाळा' वाचून झालेले वाचक आम्हाला बहुधा एकच प्रश्न विचारतात : शिरोडकरच्या मनात नेमकं काय होतं? मिलिंद बोकील यांच्या या कादंबरीत (२००४) नववीतला मुकुंद जोशी सांगतो तेवढंच आपल्याला कळतं, आणि शेवटी ती गाव सोडून जाते. पुष्कळांना ही उणीव वाटते. आमच्या मते कादंबरीचं बळ तिथेच आहे. मात्र 'लेखकानं संदिग्धता राखली' एवढं म्हणून भागत नाही. न उलगडलेल्या सगळ्या गोष्टी एका जातीच्या नसतात.

गाब्रिएल मार्सेल या फ्रेंच तत्त्वज्ञानं समस्या आणि गूढ असा भेद केला. समस्या आपल्यासमोर असते. माहिती मिळाली की सुटते. गूढात मात्र विचारणारा स्वतःच गुंतलेला असतो. स्वतःला वगळून त्याला तो प्रश्न मांडताच येत नाही.

आता 'शाळा'कडे पाहू. काळ आणीबाणीचा, म्हणजे जून १९७५ नंतरचा. जोशीला ती अर्धीमुर्धीच कळते. पण ही समस्या आहे. वय वाढलं, चार पुस्तकं वाचली की उलगडते. २००४ च्या वाचकाला तर ती आधीच ठाऊक होती.

अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसणारी ती पोरं, सुऱ्या, चित्र्या, फावड्या, मुलींचंही असंच कोडं करतात. अमकी 'लाइन देते' की नाही? पुरावे गोळा करायचे, निकाल लावायचा. जोशीही तेच करू पाहतो. पण तो शिरोडकरच्या जवळ जाऊ लागतो तसा हा हिशेब जुळेनासा होतो. कारण ती बोलते ती याच्याशी. तिच्या वागण्यात याचं वागणं मिसळलेलं. कोड्याचं गूढ होतं ते इथे.

कर्जतच्या श्रोत्यांना हे वेगळं सांगायला नको. हे रेल्वेचं गाव. घाट चढणाऱ्या गाड्यांना जादा इंजिनं इथे जोडतात. खोपोलीला कारखाने. वडिलांची बदली झाली की वर्गातला एक बाक रिकामा. कुठे गेले ते चौकशी केल्यावर कळतं. 'मी तिचा कोण होतो?' याचं उत्तर कुठल्या पत्त्यावर मिळणार?

प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'मधला (१९९४) लंपन आठवा. आईवडील दुसऱ्या गावी, तो आजी-आजोबांकडे. कारण समजलं तरी त्याचं एकटेपण उलगडत नाही.

इथे एक आक्षेप घ्यायलाच हवा. शिरोडकर स्वतःला गूढ नव्हती. सुऱ्याच्या मागे लागण्यानं केवड्यावर काय गुदरलं, ते तिला चांगलंच ठाऊक असणार. मुलींचं मन अथांग म्हणून सोडून देणं ही मुलांची जुनी सोय आहे, आणि निवेदन जोशीच्या हाती असल्यानं कादंबरी त्या सोयीतून पूर्ण सुटत नाही. ही तिची मर्यादा आम्ही मानतो. पण जोशी निदान निकाल लावायचं थांबतो. ठाऊक नसलेलं ठाऊक असल्याचा आव तो आणत नाही. त्याच्या वयाला हे थोडं नव्हे.

तेव्हा मंडळी, 'शाळा' पुन्हा वाचाल तेव्हा शिरोडकरचं उत्तर शोधू नका. तिला स्वतःला कोणते प्रश्न पडले असतील, ते शोधा.