‘टेल्स ऑफ सस्पेन्स’ : एका चित्रकथा-मालिकेचे अर्थांतर

साहित्यकृतीचे रूप कर्त्याच्या प्रतिभेने ठरते, असे समीक्षेत बहुधा गृहीत धरले जाते. नियतकालिकांतून वाढलेल्या प्रकारांना हे गृहीत जसेच्या तसे लागू पडत नाही. तेथे वितरणाची आणि पृष्ठसंख्येची बंधनेही रचनेत भाग घेतात. ‘टेल्स ऑफ सस्पेन्स’ या अमेरिकन मालिकेचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

जानेवारी १९५९ च्या अंकाने सुरू झालेली ही मालिका आरंभी विज्ञानकल्पित व भयकथांचे संकलन होती. कथा संपली की तिच्यातील पात्रांचेही आयुष्य संपे. नावातील अनेकवचन त्यामुळे शब्दशः सार्थ होते. मार्च १९६३ च्या ३९ व्या अंकात ‘आयर्न मॅन’ अवतरला. स्टॅन ली, लॅरी लीबर व डॉन हेक यांच्या या कथेत व्हिएतनाममध्ये जखमी होऊन बंदी झालेला शस्त्रनिर्माता टोनी स्टार्क प्राणरक्षणासाठी चिलखत घडवतो. नोव्हेंबर १९६४ च्या ५९ व्या अंकापासून १९४१ सालचा जुना नायक ‘कॅप्टन अमेरिका’ त्याच्या शेजारी आला.

एका छपराखाली ही दोन बिऱ्हाडे का थाटावी लागली? १९५७ मध्ये प्रकाशकाची वितरणव्यवस्था कोसळली व त्याला प्रतिस्पर्ध्याच्या मालकीच्या ‘इंडिपेंडंट न्यूज’ या संस्थेचा आश्रय घ्यावा लागला. दरमहा सुमारे आठच अंक वितरित होतील, अशी मर्यादा पडली. नव्या नायकाला स्वतंत्र मासिक देणे दुरापास्त झाले.

या मर्यादेचा ठसा रचनेवर स्पष्ट उमटला. प्रत्येक नायकाच्या वाट्याला दहा-बारा पृष्ठे येत. साहजिकच कथानके उत्तरोत्तर क्रमशः होऊ लागली. तरीही संकलनाचे मूळ तत्त्व लोपले नाही. ६३ ते ७१ या अंकांत कॅप्टन अमेरिका दुसऱ्या महायुद्धात लढत होता, तर त्याच अंकांतील आयर्न मॅन साठोत्तर वर्तमानात वावरत होता. दोन भिन्न काळ एका वेष्टनात नांदत होते.

मात्र सर्व श्रेय बंधनाला देणे अतिव्याप्त ठरेल. ‘स्ट्रेंज टेल्स’ ही मालिका त्याच मर्यादेत निघे. पण तिच्यातील स्टीव्ह डिटको यांच्या ‘डॉक्टर स्ट्रेंज’चे गूढ अवकाश जॅक कर्बी यांच्या ‘कॅप्टन अमेरिका’तील देहप्रधान संघर्षाहून सर्वस्वी निराळे आहे. चौकट व्यवसायाने दिली. ती भरण्याची रीत चित्रकारांची होती.

१९६८ मध्ये बंधन सैल झाले. मार्चचा ९९ वा अंक या नावाचा अखेरचा ठरला. एप्रिलमध्ये ‘कॅप्टन अमेरिका’ १०० व्या क्रमांकाने निघू लागले, तर मे महिन्यात ‘आयर्न मॅन’ने पहिल्या क्रमांकापासून आरंभ केला. एकाला क्रमांकाचा वारसा मिळाला. नावाचा कोणालाच नाही.

तिळापासून निघते ते ‘तेल’. परंतु ‘मोहरीचे तेल’ म्हणताना कोणालाही विसंगती जाणवत नाही. शब्द टिकतो, अर्थ सरकतो. मालिकेच्या नावाचेही असेच झाले. म्हणून अशा मालिकेचा अभ्यास केवळ नायकांच्या चरित्रांवरून करणे अपुरे आहे. एका नावाखाली काय काय नांदले आणि ते का नांदले, हे अंकागणिक पाहणे हीच त्याची खरी पद्धती होय.