सांत्वन नाकारणारी राहेल

शाळेतला एखादा विद्यार्थी दगावला, की शोकसभेत चार शब्द बोलण्याचे काम मुख्याध्यापक म्हणून माझ्याकडे येते. काही वर्षांपूर्वी अशाच एका सभेनंतर मुलाच्या घरी गेलो आणि 'ईश्वरेच्छा' हा शब्द उच्चारला. त्याची आई शांतपणे म्हणाली, "सर, एवढं सोडून काहीही बोला." तेव्हापासून मत्तयाच्या शुभवर्तमानातील दोन जागा मी पुन्हा पुन्हा वाचत आलो आहे; भाविक म्हणून नव्हे, साहित्याचा विद्यार्थी म्हणून.

पहिली जागा दुसऱ्या अध्यायातली. हेरोद राजा बेथलेहेम परिसरातील लहानग्या मुलांची कत्तल करवतो आणि मत्तयाला यिर्मया संदेष्ट्याची राहेल आठवते. मुलांसाठी आकांत करणारी, सांत्वन साफ नाकारणारी. दुसरी जागा पाचव्या अध्यायातली, डोंगरावरील प्रवचनातली. तेथे शोक करणाऱ्यांना धन्य म्हटले आहे, कारण त्यांचे सांत्वन होणार आहे. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे सांत्वनाचे क्रियापद एकच आहे. एकीकडे नकार, दुसरीकडे आश्वासन. हा विसंवाद लेखकाच्या नजरेतून सुटला असेल, असे मला वाटत नाही.

त्याचा उलगडा यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायात होतो. तेथे राहेलच्या विलापाला लगेच पुढे उत्तर मिळते, की मुले शत्रूच्या देशातून परत येतील. ती मुले परदेशी नेली गेलेली. त्यांच्या परतण्याची आशा तरी होती. बेथलेहेमची मुले परतणार नव्हती. म्हणून मत्तय विलाप तेवढा घेतो आणि पुढचा दिलासा गाळतो.

जाणत्या वाचकाला तो दिलासा आपोआप आठवणारच, असे कोणी म्हणेल. आठवो बापडा! पण मत्तयाने तो त्या आयांना ऐकवला नाही, हे महत्त्वाचे. शिवाय पाचव्या अध्यायातील क्रियापदाचा काळ पाहावा. तो भविष्यकाळ आहे. सांत्वन केव्हा होईल हे सांगितलेले नाही आणि आधी रडणे आवरा, अशी अटही नाही. त्या धन्यतेत राहेललाही जागा आहे, ती रडत असतानाच.

बायबल मराठीत आणण्यासाठी अखेरपर्यंत झटलेल्या पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली वारली. पुढच्याच वर्षी त्या स्वतः गेल्या. त्या अखेरच्या महिन्यांत या ओळी त्यांना केवळ भाषांतराचा मजकूर राहिल्या नसतील.

ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर ते मित्र होते. बोलू लागले आणि सारे बिघडले. गेल्या वर्षी शाळेवर पुन्हा तशीच वेळ आली. सभेत मी मुलाचे नाव सांगितले, त्याची इयत्ता सांगितली, त्याचे अक्षर किती वळणदार होते ते सांगितले. मग घरी जाऊन त्याच्या वडिलांशेजारी नुसता बसून राहिलो.