हंपीचे निवेदन

एकदिवसीय सहलीत मार्गदर्शकाचे निवेदन हीच संहिता असते. तिचीही समीक्षा व्हावयास हवी. हंपीत आम्ही आठजण ज्या निवेदनामागून हिंडलो, ते ओघवते होते. दगडी रथ हे वस्तुतः गरुडाचे देवालय आहे, हेही त्यात नेमकेपणाने आले. परंतु त्याची सारी रचना १५६५ च्या पराभवाकडे धावते आणि तेथेच संपते. विरूपाक्षाची पूजा आजही होते, विजयनगरकालीन कालव्यांचे पाणी आजही शेतांना मिळते, याला त्यात स्थान नाही. विठ्ठलमंदिराचा रिकामा गाभारा निवेदकाला केवळ विध्वंसाची खूण वाटतो. मराठी श्रोत्याला तेथे वेगळी कथा आठवते : कृष्णदेवरायाने नेलेली मूर्ती संत भानुदासांनी पंढरीस परत आणली. ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे, हे आम्ही जाणतो. तरी एकच रिक्तता एका कथनात अंत ठरते, दुसऱ्यात परतीची वाट. भग्नावशेषांचे चांगले निवेदन पुरावा आणि आख्यायिका वेगळी ठेवते. मात्र जे टिकले तेही सांगते. लहान गटात निवेदकाला थांबवून विचारता येते. ‘पुढे काय झाले?’ हा प्रश्न श्रोत्यांनी विचारल्यावाचून ही संहिता सुधारणार नाही.