जुन्या यंत्राचा छंद

जुन्या वस्तूंचा छंद हा म्हाताऱ्यांचा, अशी आपली समजूत आहे. परंतु ज्या धंद्यांत कालचें यंत्र आज अडगळींत जातें, त्या संगणकाच्या धंद्यांतलीच कित्येक तरुण व कुशल माणसें ४० वर्षांपूर्वींच्या संगणकाशीं रात्र रात्र झटत बसतात. ‘बाळपणाची ओढ’ एवढें म्हणून हा प्रश्न सुटत नाहीं. ज्या माजी विद्यार्थ्यानें मला हें वेड दाखविलें, त्याचा जन्मच मुळीं तें यंत्र बाजारांतून उठल्यानंतरचा आहे. आठवण नाहीं तेथें ओढ कसली?

हें यंत्र म्हणजे ‘कमोडोर ६४’. अमेरिकेंत १९८२ सालीं तें निघालें व १९९४ पर्यंत तयार होत होतें. त्याची स्मृति अवघी ६४ किलोबाइट. आजच्या मोबाइलवर काढलेलें एखादें साधें छायाचित्रही तींत मावणार नाहीं. ‘स्प्राइट’ नांवाचीं हालतीं चित्रें त्याला दिलेलीं आहेत तीं ८ च. परंतु पडदा वरून खालीं एकेका रेषेनें रेखाटला जातो. तेव्हां वरचें स्प्राइट उमटून होतांच त्याला खालची जागा नेमून दिली, कीं तेंच पुन्हा उमटतें, आणि ८ चीं १६ दिसूं लागतात. याहून मौजेचा प्रकार पडद्याच्या रिकाम्या किनारीचा. अक्षरांच्या २५ ओळी मांडल्या असतां खालची किनार एका ठराविक रेषेवर सुरू होते. २४ मांडल्या असतां तिच्या ४ रेषा वर. प्रोग्रामर वरची खूण ओलांडेपर्यंत २५ ओळी असल्याचें भासवितो, आणि खालची येण्यापूर्वीं ‘ओळी २४ च आहेत’ असें सांगतो. दोन्ही खुणा हुकतात, किनार सुरूच होत नाहीं, आणि निषिद्ध जागेंत स्प्राइट फिरूं लागतात!

असल्या करामतींतून दृश्य व नाद यांचे लहान लहान खेळ रचणाऱ्यांची ‘डेमोसीन’ नांवाची कला फिनलंडनें २०२० सालीं आपल्या जिवंत वारशांत नोंदविली. पण ही कला, कीं नुसती कसरत? आमच्या साहित्यशास्त्रानें चित्रकाव्याला अधम म्हटलें आहे. मोरोपंतांनीं ओष्ठ्य वर्ण वगळून ‘निरोष्ठ रामायण’ रचिलें. त्याचें कौतुक करतांनाही त्यांत काव्य किती, हें विचारावेंसें वाटतें. तोच आक्षेप येथेंही घेतां येईल. तथापि एक भेद आहे. ओष्ठ्य वर्णांचा निषेध कवीनें आपण होऊन पत्करलेला असतो. यंत्राची मर्यादा ही त्याची प्रकृतीच असते. ती जाणल्यावांचून एक पाऊलही पुढें पडत नाहीं, आणि आनंद आहे तो या जाणण्याचा.

दिवसा हा विद्यार्थी पुण्यांतील एका कंपनींत काम करितो. तेथील आज्ञावली शेंकडों अनोळखी हातांनीं लिहिलेली. त्यानें घातलेल्या चार ओळींचा पुढें काय परिणाम होतो, हें त्यालाही पुरतें कळत नाहीं. जुन्या यंत्रावर चूक झाली, तर ती सर्वस्वीं त्याची असते. तो म्हणाला, “सर, ज्याच्या आंत काय चाललें आहे तें मला तळापर्यंत ठाऊक आहे, असें हें एकच यंत्र.” माझ्या मतें त्याच्या छंदाचें सारें मर्म या वाक्यांत आहे.

या सुखाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या बँका आणि रुग्णालयें चालतात तीं गुंतागुंतीच्या यंत्रांवर, आणि त्यांचा भार कोणी तरी वाहिलाच पाहिजे. त्या भाराला भिऊन कोणी जुन्या यंत्राच्या आडोशाला बसेल, तर त्याची स्तुति मी करणार नाहीं. पण ज्यानें एक वस्तु तळापर्यंत जाणली आहे, त्याला इतर वस्तूंविषयींचें आपलें अज्ञान निदान खुपतें तरी. बाकीच्यांना तेंही खुपेनासें झालें आहे.

मी तीस वर्षें वर्गांत हेंच सांगत आलों, कीं दहा कविता वरवर चाळण्यापेक्षां एक कविता शब्द न् शब्द समजून वाचावी. या विद्यार्थ्यानें कवितेच्या बाबतींत तें मनावर घेतलें नव्हतें. यंत्राच्या बाबतींत मात्र घेतलेलें दिसतें.